आग आणि मयत सोडून

ओताहामा, तिसरी चाळ, घर सात
९ सप्टेंबर १९५४

फुमी,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी असं आपल्याला शाळेत शिकवलंय. तर, भोपळे पिकलेत, समुद्रावरून गार वारा सुटलाय आणि तू दार उघडत नाहीस. झालं हवापाणी.

आपल्या दोन घरांत एक फळकुटाची भिंत. तू मुळा चिरतेस ते मला ऐकू येतं, कान्सुके-सान शिंकले तर इकडून मी "जपा" म्हणते. आणि तुला पत्र पाठवायचं ते टपालाने! पोस्टातल्या म्हाताऱ्याने दोन्ही पत्ते वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बाई, तिकिटाचे दहा येन कशाला घालवता? भिंतीवर टकटक केलीत तर फुकट पोचेल." मी म्हटलं, "आजोबा, भिंत संपावर आहे."

परवा आमच्याकडे काय झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल, तिखटमीठ लावून. माझ्याकडून ऐक. कुदो-सान आले होते. नुसते मुकादम म्हणून आले असते तर इवाओने त्यांना उंबऱ्यातूनच वाटेला लावलं असतं. पण ते आले आमचं लग्न जुळवणारे मध्यस्थ म्हणून. काळा किमोनो घालून, बायकोला सोबत घेऊन, साकेची बाटली घेऊन. इवाओला बाप नाही. लग्नात बापाच्या जागी बसले ते हेच. त्यांनी चटईवर डोकं टेकवलं आणि म्हणाले, "संपाला तीन महिने झाले. असाच चालला तर कारखानाच उरणार नाही. इवाओ, आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागतो. कामावर जाऊ म्हणणाऱ्या नव्या युनियनमध्ये माझ्याबरोबर ये." इवाओने त्यांना धरून उठवलं. मग त्याने पेला पुढे केला.

त्याचं चुकलं असेल. मी त्याची वकिली करायला बसलेली नाही. पण नाओने काय केलंय? बाळंतपणात मला ताप आला आणि दूध आटलं, तेव्हापासून माझी पोर तुझ्या अंगावर वाढली. एका मांडीवर तुझा मिनोरु, दुसऱ्या मांडीवर माझी नाओ, आणि तू म्हणायचीस, "मी बाई नाही, दोन नळांची टाकी आहे." काल दुपारी रोजच्या वेळेला मी तिला घेऊन तुझ्या दारात उभी राहिले. आतून कडी घातल्याचा आवाज आला. हळूच घातलीस तू, पण मला ऐकू आली.

डब्यातली पावडर आणलीय. पोर ती ओकून टाकते.

सेत्सु

*

ओताहामा, तिसरी चाळ, घर आठ
१२ सप्टेंबर

सेत्सु-सान,

तुमचं पत्र मिळालं. पोस्टातल्या आजोबांनी ते माझ्या हातात दिलं आणि तुमच्या दाराकडे बघून मान हलवली.

कुदो-सान आमच्याकडेही आले होते. तोच किमोनो, तीच बाटली. आमचंही लग्न त्यांनीच जुळवलंय ना. यांनी त्यांना चहा दिला, अगदी कपाळ चटईला लागेपर्यंत वाकले आणि म्हणाले, "लग्न तुम्ही लावून दिलंत, ते मी जन्मभर मोडणार नाही. युनियन काही तुम्ही लावून दिली नव्हती." कुदो-सानच्या बायकोला रडू आलं. मलाही आलं. पण यांनी पेला उचलला नाही. कंपनी आठशे जणांना काढतेय, त्यात यांचं नाव आहे. इवाओ-सानचं नाही. ज्याचं नाव नाही त्याला पेला उचलणं सोपं जातं. हे लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिलं.

आता कडीबद्दल. महिला मंडळाची सभा झाली. होन्मा-सान अध्यक्ष आहेत, आणि त्यांचा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे, माइक लागत नाही. ठराव असा झाला, की नव्या युनियनच्या घरांना वाळीत टाकायचं. नळावर बोलायचं नाही, हमामात शेजारी बसायचं नाही, उसनं द्यायचं-घ्यायचं नाही. कुणीतरी विचारलं, किती वाळीत? होन्मा-सान म्हणाल्या, गावाकडे टाकतात तसंच. दहा व्यवहारांतले आठ बंद आणि दोन चालू. आग आणि मयत. आग लागली तर धावायचं, मयत झालं तर खांदा द्यायचा. बाकी दार बंद. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

माझा हात वर होता तेव्हा नाओ माझ्या मनात नव्हती असं समजू नका. पण या तीन महिन्यांत मंडळाने आमच्या घरी तांदूळ आणून दिलाय. यांचे समोरचे दात कारखान्याच्या फाटकावरच्या रेटारेटीत पडले, तेव्हा मंडळानेच डॉक्टर आणला. त्या बायकांसमोर मी एकटी हात खाली ठेवून कशी बसणार होते?

तांदळाची पेज गाळून घ्या, अगदी पातळ, मिठाचा कण टाकून. बकरीचं दूध स्टेशनमागच्या शेतावर मिळतं. काल दुपारी मी जास्तीचं दूध मोरीत पिळून टाकलं. भिंतीपलीकडे ती रडत होती. मिनोरुने दूध प्यायचं सोडलं आणि तो ऐकत राहिला.

मला परत पत्र लिहू नका.

फुमी

*

१७ सप्टेंबर

फुमी,

लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहितेय. तुला मी पहिल्यापासून ओळखते. तू "नको" म्हणालीस की दुसऱ्यांदा वाढायचं असतं.

पेज दिली. बकरीचं दूधही दिलं. जुलाब झाले. आता ती मोठ्याने रडत नाही. तुला वाटलं असेल शांत झाली. शांत नाही, तिच्यात जोर उरलेला नाही. डॉक्टर म्हणाला, "आईचं दूध हवं, कुणाही आईचं." मी म्हटलं, "शेजारी आहे." तो म्हणाला, "मग द्या की!" शहाणा आहे, चाळीत राहत नाही.

इवाओला पेल्याची काय किंमत पडली तेही ऐक. कारखान्यात अजून एकही दिवस आत जाता आलेलं नाही. रोज सकाळी डोक्याला पांढरी पट्टी बांधायची, शाळेच्या मैदानावर जमायचं, फाटकाकडे चालत जायचं, तुमच्या लाल पट्टीवाल्यांनी ढकललं की परत यायचं. कंपनी तेवढ्याचे पैसे देते. परवा ढकलाढकलीत तो आणि कान्सुके-सान समोरासमोर आले. कान्सुके-सान म्हणाले, "पट्टी नीट बांध, डोळ्यावर आलीय." आणि मग दोघांनी एकमेकांना ढकललं. रात्री इवाओ जेवला नाही. मी विचारलं, "कुदो-सानना नाही म्हणता येत नव्हतं का?" तो म्हणाला, "बापाला नाही कसं म्हणायचं ते शिकायला बाप असावा लागतो."

तुझा तो ठराव मी पुन्हापुन्हा वाचला. आग आणि मयत. मयतीची वाट बघू म्हणतेस? ती फार लांब नाही, फुमी. तेव्हा तू काळा किमोनो घालून येशील, होन्मा-सानही येतील, नियमात बसेल.

सोमवारी दुपारी दोन्हीकडचे पुरुष फाटकावर असतील. तू घरीच थांब. आणि मिनोरुला आधी पाजू नकोस.

सेत्सु

*

२० सप्टेंबर

सेत्सु-सान,

तुम्ही वेड्या आहात. अगदी ठार वेड्या आहात. हसू आवरत नाहीये, अक्षर सांभाळून घ्या.

ओल्या पेंढ्याचा एवढा धूर होतो हे मला माहीत नव्हतं. पाच नंबरच्या घरातल्या आजी ओरडल्या, "सातमध्ये आग!" आणि सगळी चाळ बादल्या घेऊन धावली. लाल पट्टीची बाई आणि पांढऱ्या पट्टीची बाई एकाच नळावर! होन्मा-सान सगळ्यांत पुढे. मी मिनोरुला पाठीला बांधून तुमच्या स्वयंपाकघरात शिरले, तुम्ही नाओला माझ्या हातात दिलीत आणि मी तिथेच फरशीवर बसले. तिने पकडलं तेव्हा मला कळ आली, इतकं साठलं होतं. होन्मा-सान भिजलेल्या, काजळी फासलेल्या दारात आल्या. मला तसं बसलेलं बघितलं. मी म्हटलं, "आग आहे." त्या बाहीने तोंड पुसून म्हणाल्या, "आहेच. अजून विझली नाही. तू ऊठ नकोस." आणि दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या, कुणाला आत येऊ दिलं नाही.

फक्त पेंढ्याचं घमेलं भिंतीपासून लांब ठेवायला हवं होतं. वाऱ्याने कोळशाची पोती पेटली, तुमचं मागचं छप्पर गेलं आणि आमच्या वळचणीचं टोक. छपराचं काय, होईल. ती दोन्ही बाजूंनी प्यायली. मग झोपली, आणि झोपेत हसली.

*

हे पाकिटात घालणार तेवढ्यात यांना घरी आणलं. दाराच्या फळीवर घालून. बातमी फाटकावर आगीसारखीच पोचली होती, "संपवाल्यांनी नव्या युनियनच्या माणसाचं घर पेटवलं, बायकोपोर आत आहे." पांढऱ्या पट्टीवाले वेड्यासारखे लाल पट्टीवाल्यांत घुसले. यांच्या कानावर लोखंडी कांब बसलीय. कुणी मारली ते कुणाला दिसलं नाही म्हणतात. कानातून रक्त येतंय, थांबत नाही.

तुमच्या घरी आज दिवा का नाही?

फुमी

*

२४ सप्टेंबर

फुमी,

इवाओने मारलं.

मी लपवणार नाही, उद्या तुला दुसऱ्याकडून कळेल. त्याला कुणीतरी सांगितलं, तुझं घर जळतंय, बायको पोर आत आहेत. समोर लाल पट्टीची भिंत. त्याने कुणाच्यातरी हातातली कांब ओढून घेतली आणि पहिलं जे डोकं समोर आलं त्यावर घातली. डोकं खाली गेल्यावर त्याला दिसलं कुणाचं ते. मग कांब टाकून तो घराकडे पळत सुटला. दारात आला तर मी उभी, कडेवर पोर झोपलेली, पोट भरलेली. त्याने मला धरलं आणि लहान मुलासारखा रडला. मला वाटलं, आत्ता सांगावं. त्याचे हात बघितले आणि नाही सांगितलं.

पोलिसांनी काल कान्सुके-सानना इस्पितळातूनच नेलं, हे मी खिडकीतून ऐकलं. म्हणे आग त्यांनीच कुणाकडून तरी लावून घेतली. मी काय करून बसले, फुमी?

काल दुपारी मागच्या जळक्या छपराखालून तू हात आत घातलास आणि नाओला ओढून घेतलीस. एक शब्द बोलली नाहीस. त्याबद्दल काय लिहू मला समजत नाही.

सेत्सु

*

२६ सप्टेंबर

सेत्सु-सान,

लिहायचं काही नाही. चौकीत जायचं आणि दोन वाक्यं बोलायची. "आग मी लावली. माझ्याच घराला लावली." तुमचं घर, तुमचं घमेलं. कदाचित दंड होईल, कदाचित आठवडाभर ठेवून घेतील. तेवढे दिवस नाओ माझ्याकडे राहील, मंडळ काय म्हणायचं ते म्हणो.

यांना डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. चौकीत त्यांना ओरडून प्रश्न विचारतात आणि उत्तर आलं नाही की उर्मट म्हणतात.

इवाओ-सानबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. पण तुम्ही जा. उद्याच जा.

फुमी

*

१५ ऑक्टोबर

सेत्सु-सान,

हे काल सुटून आले. तुम्हाला भिंतीतून कळलंच असेल.

तुमची वाट मी रोज बघितली. आता तो विषय संपला, कारण यांनी स्वतःच लिहून दिलंय की आग आमच्या चुलीच्या धुराड्याच्या ठिणगीने लागली. धुराडं आपण साफ केलं नव्हतं, चूक आपली. लावलेली आग नाही म्हटल्यावर पोलिसांनी सोडून दिलं. कंपनीने मात्र घर रिकामं करायला सांगितलंय, ज्याच्या धुराड्याने आग लागली त्याला चाळीत ठेवत नाहीत. युनियनही गप्प आहे. संपाच्या ऐन भरात ज्याच्या निष्काळजीपणाने एवढं सगळं झालं, त्याच्यासाठी कोण भांडेल?

आपल्याकडे ज्याच्या घरून आग लागते त्याने काय करायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे. उद्या सकाळी हे चाळीतल्या प्रत्येक दारापुढे जाऊन वाकून माफी मागणार आहेत. पहिल्या घरापासून. सातव्यालाही येतील.

तुम्ही घरी असा. इवाओ-साननाही असू द्या.

फुमी

*

ओताहामा
३ मार्च १९६१

फुमी,

साडेसहा वर्षांनी हे पाकीट बघून तू चुलीत घातलंस तर मी काही म्हणणार नाही. पत्ता होन्मा-साननी दिला. त्या आता केस पांढरे झालेल्या एक साध्या म्हाताऱ्या बाई आहेत, माझ्याशी नळावर बोलतात. संपाचं कुणी नाव काढत नाही. त्या डिसेंबरात तडजोड झाली, काढलेल्यांपैकी थोडे परत घेतले, बाकीचे तुमच्यासारखे कुठे कुठे गेले. दोन युनियनची एक झाली. कुदो-सान गेल्या वर्षी वारले. इवाओ त्यांच्या जागी मुकादम आहे.

आज बाहुल्यांचा सण. नाओने बाहुल्या मांडल्या, वर राजाराणी, खाली बाकीचे. सात वर्षांची आहे, उंच आहे, तोंडाळ आहे. मागे एकदा मला म्हणाली, "आई, माझी दूधआई कुठे असते?" कुणी सांगितलं कोण जाणे. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते.

मी चौकीत गेले होते, फुमी. तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही. त्या दिवशी कुदो-सानची बायको दिवसभर येऊन बसली होती, "नवऱ्याला तुरुंगात घालशील, कांबेचं प्रकरण वर येईल" म्हणत. तिसऱ्या दिवशी गेले. नाओ पाठीला. चौकीच्या पायऱ्या चढले, आत हवालदार बसला होता. मी म्हटलं, "तिसऱ्या चाळीतल्या आगीबद्दल सांगायचंय." तो म्हणाला, "बाई, ते मिटलं. तुमच्या शेजाऱ्याने सकाळीच लिहून दिलंय, धुराड्याची ठिणगी. आता कागद वर जाईल, आठवडा-दोन आठवड्यांत सुटेल. काही नुकसानभरपाई मागायचीय का?"

दोन वाक्यं माझ्या तोंडात होती. ती मी गिळली. पायऱ्या उतरताना मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घाबरले असते, लाज वाटली असती, तर आज सांगायला सोपं गेलं असतं. मला बरं वाटलं, भूक लागली, वाटेत मी भाजलेलं रताळं घेऊन खाल्लं.

मग ते दारात आले. ती सोळा ऑक्टोबरची सकाळ तुला आठवत असेल. डोक्याला पांढरं बँडेज. बारा घरांची चाळ, पहिल्या घरापासून प्रत्येक दारात ते कमरेत वाकत आले. मी आतून ऐकत होते, एकेक दार जवळ येत होतं. आमच्या दारात इवाओ पुढे, मी मागे. कान्सुके-सान म्हणाले, "माझ्या घरच्या आगीने तुम्हाला फार त्रास झाला. क्षमा असावी." इवाओ वाकला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "छे, छे, जीव वाचले हेच खूप." ज्याने कान फोडला त्यानेच क्षमा केली, फुमी! आणि मी? मीही वाकले. मीही म्हटलं, "छे, छे, आपली तब्येत बरी आहे ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. आठवं घर सोडून ते नवव्याकडे गेले.

महिन्यापूर्वी मी इवाओला सगळं सांगितलं. जेवताना. त्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि म्हणाला, "मग मी कुणाला मारलं?" तो परत म्हणाला, "सेत्सु, मी कुणाला मारलं मग?" इतकी वर्षं तो स्वतःला सांगत होता, हात चुकला पण राग खरा होता, घर तर पेटलं होतं. मी तेवढाही आधार काढून घेतला. तेव्हापासून तो माझ्याशी चांगला वागतो. फारच चांगला, पाहुणीशी वागावं तसा.

ऑगस्टात पितरांच्या ओबोन सणाच्या सुट्टीत त्याला तुमच्याकडे नोशिरोला यायचंय, कान्सुके-सानपुढे बसायचंय. मलाही यायचंय, नाओला घेऊन. येऊ का? आणि एवढं तरी सांग, त्यांनी तसं का लिहून दिलं? त्यांना ठाऊक होतं का?

सेत्सु

*

नोशिरो, अकिता
१९ एप्रिल १९६१

सेत्सु-सान,

पत्र चुलीत घातलं नाही. दीड महिना डब्यावर पडून होतं. इथे अजून डोंगरावर बर्फ आहे, हे हवापाणी.

हे इथल्या लाकडाच्या गिरणीत आहेत. करवतीचा आवाज कान फोडतो, बाकीची माणसं कापूस घालतात. हे म्हणतात, "माझं निम्मं काम इवाओने आधीच करून ठेवलंय." अशा गोष्टींवर ते हसतात. मला हसू येत नाही.

तुम्ही विचारता, त्यांना ठाऊक होतं का. मी कधी सांगितलं नाही. ते चौकीत असताना पाचव्या दिवशी मला भेटू दिलं. मी धुतलेले कपडे आणि पांघरूण नेलं होतं. पोलीस शेजारी उभा, त्यामुळे बोलता येण्यासारखं काही नव्हतं. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "पोर प्यायली का?" मी म्हटलं, "प्यायली. रोज पिते." त्यांनी मान हलवली, कपडे घेतले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुराड्याचं लिहून दिलं.

पुढे कितीतरी दिवसांनी मी विचारलं, कसं कळलं? म्हणाले, मे महिन्यात धुराडं मीच घासलं होतं, लख्ख होतं. त्यातून ठिणगी उडत नाही. मग उरलं कोण? आणि त्या बाईला आत टाकलं असतं तर तिच्या घरी पोरीला कोण बघणार होतं, कुदो-सान? तेही रात्रीचं नाओचं रडणं भिंतीतून ऐकत होते, सेत्सु-सान. मला वाटायचं मी एकटीच ऐकतेय. पण संपकरी पुरुषाने त्याबद्दल काही बोलायचं नसतं, म्हणून ते बोलले नाहीत, आणि मी सभेत हात वर केला होता म्हणून मीही बोलले नाही. एका पांघरुणात दोघं जागे आणि दोघंही गप्प.

तुमच्या आगीबद्दल माझा राग कधीच नव्हता. सोमवारी घरीच थांब म्हणणारं तुमचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं काय होणार. त्या दिवशी मी मिनोरुला पाठीला बांधून, बाही गुंडाळून, बादली भरून दाराशी बसले होते, धूर यायच्या आधी. आपल्या दोघींच्या दारांत दोन पावलं नव्हती. ती टाकायला तुमचं घर पेटावं लागलं. त्या सोमवारची आठवण आली की मी कांबेला दोष देत नाही, तुम्हालाही देत नाही. भरलेल्या बादलीकडे बघत बसलेली ती बाई मला दिसते.

राग आहे तो पायऱ्यांचा. तुम्ही गेलात हे मला ठाऊक नव्हतं. न गेलेल्या बाईला मी एक प्रकारे माफ करून टाकलं होतं. भ्याली, म्हटलं, सगळेच भितात. पण तुम्ही गेलात, आत ते होते, आणि तुम्ही परत वळलात, रताळं खाल्लंत. मग त्यांना आपल्या दारात वाकू दिलंत. मी आठव्या घरात उंबऱ्याआड उभी होते. तुमचं ते "छे, छे" मी ऐकलं.

इवाओ-सानना यायचं असेल तर येऊ द्या. ओबोनला गिरणी तीन दिवस बंद असते. हे म्हणाले, "येऊ दे, उजव्या बाजूला बसवा म्हणजे झालं." ते दोघं काय बोलायचं ते बोलतील, नाहीतर दारू पितील. पेला या वेळी हेही उचलतील, मला माहीत आहे.

नाओला सोबत पाठवा. तिला आठवडाभर राहू द्या. मिनोरुला सांगितलंय की तुझी दूधबहीण येणार, तर तो विचारतो, पोहता येतं का तिला? समुद्र जवळ आहे, पण तो एकटा जायला भितो.

तुम्ही येऊ नका, सेत्सु-सान. तुम्हाला दारात बघितलं तर मी वाकेन, "या, बसा" म्हणेन, चहा ठेवेन. रीत म्हणून सगळं करेन, आणि तुम्हाला खरंच वाटेल. रीत म्हणून मी एकदा हात वर केलाय, तुम्ही एकदा वाकलात. आता तसं नको. मनातून "या" म्हणता येईल त्या दिवशी मीच बोलावेन. अजून म्हणता येत नाही.

फुमी